केस पेपरच्या पहिल्या ओळीपासून : डॉक्टरांनी लिहायचं कसं

मी इंदूरला छातीविकारांची प्रॅक्टिस करते. शिकले इथल्याच एम.जी.एम. मेडिकल कॉलेजात, हाउस जॉब केला एम.वाय. हॉस्पिटलमध्ये, आणि आता राजेंद्रनगर भागात दवाखाना आहे. प्रॅक्टिस सांभाळून मराठीत लिहीत आले, कधी दिवाळी अंकात, कधी पुरवणीत. त्यामुळे तरुण डॉक्टर येऊन विचारतात, "मॅडम, रोज एवढं बघतो, लिहावंसं वाटतं, पण कागदावर काही उतरतच नाही. काय करू?" त्यांना जे सांगते तेच इथे जरा ऐसपैस लिहिते.

केस पेपरची पहिली ओळ आठवा. तिसऱ्या वर्षाला वॉर्डात गेलो तेव्हा सगळ्यात आधी काय शिकवलं? तक्रार लिहायची ती पेशंटच्या शब्दांत, आणि पुढे किती दिवसांपासून ते. "सीढ़ी चढ़ूँ तो साँस भर जाती है, दो साल से." एवढी एकच ओळ पेशंटची. त्याच्या खाली सगळं आपलं: डिस्पनिया (म्हणजे दम), ग्रेड ३, के/सी/ओ (आधीपासूनचा आजार) अमुक, बाकी एन.ए.डी. (वेगळं काही आढळलं नाही). उपचारासाठी हे बरोबरच आहे. रात्री दोन वाजता पुढच्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटात केस समजायला हवी. पण वर्षानुवर्षं हेच केल्यावर पेशंट अजून बोलत असतानाच आपल्या डोक्यात त्याचं वाक्य पुसलं जातं आणि निदान उमटतं. लिहायला बसलो की हातून निदानच उतरतं. "हा सीओपीडीचा (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा) पेशंट होता" अशी सुरुवात केली की वाचकाला पुढे वाचण्याचं कारणच उरत नाही.

तेव्हा डॉक्टरने लिहायला शिकायचं म्हणजे आधी ती पहिली ओळ परत मिळवायची. भाषा, शैली, अलंकार यांची काळजी नंतर करू.

माझ्या विषयातलंच उदाहरण देते. दम किती लागतो हे मोजायला आपण एमएमआरसी श्रेणी वापरतो, शून्य ते चार. तिचं मूळ रूप १९५० च्या दशकात चार्ल्स फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं. फ्लेचर वेल्समध्ये कोळसा-खाणीतल्या कामगारांच्या फुफ्फुसांवर काम करत होते. श्रेणीतले प्रश्न बघा: सपाटीवर भरभर चालताना दम लागतो का? बरोबरीच्या वयाच्या माणसांपेक्षा मागे पडता का? शंभरेक मीटर चाललं की थांबावं लागतं का? आणि सगळ्यात शेवटी, कपडे घालता-काढताना दम लागतो का? हे सगळं माणसाच्या रोजच्या जगण्यातून उचललेलं आहे. आपण त्याचा आकडा केला. लिहिताना उलट जायचं, 'ग्रेड ४' खोडायचं आणि कपडे घालणारा माणूस दाखवायचा.

टिपण कसं ठेवायचं

एक लहान वही, खिशात मावेल अशी. प्रिस्क्रिप्शन पॅडवर लिहू नका. त्यावर तुमचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर असतो आणि ते पान कुठल्या फाइलीत जाईल याचा नेम नसतो. मोबाइलमध्येही नको, निदान सुरुवातीला. तिथे फोटो, ग्रुप, बॅकअप सगळं एकात एक असतं. एम.आर. लोक औषध कंपन्यांच्या डायऱ्या देतात, त्यांतली एखादी चालेल.

पेशंट समोर असताना ती वही काढायची नाही. हा माझा कडक नियम आहे. तो आपल्याकडे बरा व्हायला आलाय. तो दाराबाहेर गेला आणि पुढचा आत यायचाय, तेवढ्या वेळात दोन ओळी लिहा. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, निदानही नाही. त्याने वापरलेलं एखादं वाक्य जसंच्या तसं. हातात काय होतं: एक्स-रेची पिवळी पडलेली पिशवी, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या रबर बँडने बांधलेल्या, की नातवाचं दप्तर. सोबत कोण होतं आणि उत्तरं कोण देत होतं. (विचाराल त्या बाईला, आणि बोलेल शेजारचा दीर, हे टिपून ठेवण्यासारखं असतं.) खोलीत तुम्ही काय बोललात तेही लिहा, कारण आपली वाक्यं आपण सगळ्यात आधी विसरतो.

महिनाअखेर वही वाचा. बहुतेक टिपणं मेलेली वाटतील. एखादं मात्र पुन्हा वाचताना अडवेल, आणि ते का अडवतं हे चटकन सांगता येणार नाही. लेख तिथेच आहे.

एक परिच्छेद, दोनदा लिहिलेला

हा पेशंट मी अनेकांचा मिळून केलाय, कुणी एक माणूस नाही. केस पेपर असा:

"पुरुष, वय ४२. श्वास लागणे, तीन वर्षे, वाढत जाणारा. कोरडा खोकला. वजन घटले. क्षयाचे उपचार दोनदा झाले. एमएमआरसी ४. एक्स-रे : दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी."

आता लेखातला परिच्छेद:

"तपासून झाल्यावर त्याने शर्ट अंगात घातला. एक बटण लावलं आणि थांबला. दुसरं लावून टेबलाची कड धरली. तिसऱ्याला बायको पुढे झाली, काही न बोलता उरलेली बटणं लावली, कॉलर सरळ केली. मी विचारलं, काम काय करत होतात? 'पत्थर की फॅक्टरी में था, गोधरा साइड.' पोती भरताना तोंडाला काय बांधायचात? तो बायकोकडे बघत म्हणाला, 'इसकी पुरानी साड़ी का टुकड़ा.'"

दोन्हींत माहिती जवळपास तीच आहे. दुसऱ्यात 'बिचारा' नाही, 'हृदय पिळवटून गेलं' नाही, आजाराचं नावही नाही. ते तीन-चार परिच्छेदांनी येईल, वाचकाला हवंसं झाल्यावर. बटणं मोजली म्हणून दम किती ते कळलं. साडीचा तुकडा आला म्हणून कारखान्यात मास्क नव्हता हे सांगावं लागलं नाही. असा एक तपशील सापडेपर्यंत लिहायला बसू नका. आणि तो सापडला की त्याला भावनांची फोडणी देऊ नका.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मुख्य प्रश्न कोणता होता? "काम काय करत होतात?" झाबुआ, अलिराजपूर, धार इथले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडच्या क्वार्ट्झ भरडण्याच्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, घेऊन परतले. आपल्या मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांतही हाच आजार होता. एक्स-रे वरवर क्षयासारखा दिसतो, गाठी वरच्याच भागात असतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त. त्यामुळे काम विचारलं नाही तर क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि माणूस खंगतच जातो. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की हिप्पोक्रेटिसने पेशंटला विचारायला लावलेल्या प्रश्नांत हाही एक घाला : तुमचा धंदा काय? जो प्रश्न निदान बदलतो, तोच लेख उभा करतो. काम, घर, चूल, कामावर जायचा रस्ता हे चांगल्या हिस्ट्रीत (पेशंटला विचारून घेतलेल्या माहितीत) येतं आणि चांगल्या गद्यातही येतं. म्हणून हिस्ट्री घाईत उरकणारा डॉक्टर लिहिताना पांगळा पडतो, असं माझं ठाम मत आहे.

रशियन लेखक चेखव यांचं उदाहरण मी नेहमी देते. ते १८८४ मध्ये मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर झाले. १८९० मध्ये, नाव झालेलं असताना, रशियाच्या पार पूर्वेला साखालीन बेटावर कैद्यांच्या वसाहतीत गेले आणि छापील कार्डं घेऊन झोपडी-झोपडीत फिरले. वय, जन्मगाव, धंदा, लिहिता-वाचता येतं का. सुमारे तीन महिने हेच. त्यांना स्वतःला क्षय होता, ४४ व्या वर्षी गेले. कार्ड भरणं त्यांना लेखनाच्या आड येणारं वाटलं नाही. आपल्याला मात्र केस पेपर म्हणजे कटकट वाटते.

आजार समजावून सांगताना

एका लेखात शरीरातली एकच यंत्रणा समजवा. सिलिकोसिसवर लिहिताना मी एवढंच सांगेन : दगडाची भुकटी इतकी बारीक असते की नाकात, घशात अडकत नाही, थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जाते. तिथे धूळ गिळणाऱ्या पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि त्यातच मरतात. कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक वेळी तिथे थोडा व्रण राहतो, आणि व्रणाच्या जागी फुफ्फुस फुगत नाही. म्हणून काम सोडल्यावरही आजार वाढत राहू शकतो. इथे थांबायचं. सायटोकाइन्स, फायब्रोब्लास्ट, एचआरसीटी हे आपल्या कॉन्फरन्ससाठी.

आकडेही उशिरा आणा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतल्या या क्वार्ट्झच्या कारखान्यांमुळे मेलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. हे वाक्य लेखाच्या डोक्यावर ठेवलं तर बातमी होते. बटणं लावणाऱ्या बायकोनंतर ठेवलं तर वाचक त्या २३८ घरांत जातो.

आधीच्या डॉक्टरबद्दल जपून लिहा. क्षयाचे उपचार दोनदा का झाले, याचं कारण सांगा (एक्स-रेतलं साम्य, न विचारलेला प्रश्न), पण कोणी केले ते ओळखू येईल असं काही नको. लेख म्हणजे समव्यवसायिकाची चौकशी नव्हे. स्वतःची आरतीही नको. लेखात डॉक्टर अचूक निदान करतो, घरचे पाया पडतात, असा शेवट आला की तो परिच्छेद काढूनच टाका. वाचकाला ते खोटं वाटतं, खरोखर घडलेलं असलं तरी.

आपली मराठी

इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा साहित्य संमेलनं झाली. इथे मराठी वाचणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण डॉक्टरचा दिवस हिंदीत जातो, अभ्यास इंग्रजीत झालेला, आणि मराठी उरते घरी. मग लिहायला बसलं की पेन सरकारी होतं : "रुग्णास दाखल करण्यात आले", "त्यांच्यावर उपचार सुरू करण्यात आले". कोणी केलं? तुम्ही केलं ना? मग "मी दाखल केलं" म्हणा. 'करण्यात आले' जिथे जिथे येईल तिथे कर्ता शोधून बसवा. निम्मा लेख तिथेच सुधारतो.

शब्द घरातले वापरा. छातीत पाणी झालं, दमा उठला, शुगर वाढली, पंप घेतला. बीपी, एक्स-रे, ऑक्सिजन हे आता मराठीच झालेत, त्यांना संस्कृत कपडे घालू नका. पेशंटची हिंदी वाक्यं सगळी ठेवायची गरज नाही. ज्या वाक्यात तो माणूस दिसतो तेवढं हिंदीत ठेवा, बाकी मराठीत सांगा. माळवी, निमाडी, भिली मात्र कानाने नेमकी ऐकली असेल तरच. अंदाजाने रचलेली बोली ही त्या माणसाची थट्टा होते.

आणि मोठ्याने वाचून दाखवा, डॉक्टर नसलेल्या माणसाला. मी माझ्या आत्याला वाचून दाखवते. ती स्वेटर विणत ऐकते. जिथे सुया थांबतात तिथे मी खूण करते, मग ती विचारते, "अगं, पण बटणं बायकोनेच का लावली? मुलगा कुठे होता?" असा प्रश्न संपादकही विचारत नाही. उत्तर माहीत नसेल तर लेखात एक भोक आहे, आणि पुढच्या वेळी हिस्ट्री घेताना ते भरायचं. वाचकाला जे वाक्य परत ऐकवावं लागतं ते पुन्हा लिहा, समजावत बसू नका.

गुपित

हा भाग वगळू नका. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारनियमावली आजही लागू आहे; २०२३ मध्ये नवी आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. २००२ चे नियम तीन गोष्टी सांगतात. पेशंटचं गुपित फोडायचं नाही. कोर्टाने मागितलं, कुणाला गंभीर धोका असला किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार असला, तरच अपवाद. ओळख पटेल अशा रीतीने फोटो किंवा केस छापायची तर परवानगी हवी. आणि सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने वृत्तपत्रात लिहायला मोकळीक आहे, पण त्यातून स्वतःची जाहिरात होता कामा नये. म्हणून लेखाखाली नाव चालेल. दवाखान्याचा पत्ता, वेळा, मोबाइल नंबर नको. त्यापुढे काही विषयांत कायदाच आडवा येतो : एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात, लैंगिक अत्याचार. तिथे तपशील बदलून भागेल असं समजू नका, आधी वकिलाला विचारा. सरकारी नोकरीत असाल तर आपले सेवानियमही वाचा.

ओळख लपवायची कशी? नाव बदलणं ही फक्त सुरुवात. महूची शिक्षिका, दोन जुळ्या मुली आणि एखादा दुर्मिळ आजार, एवढ्यावर सगळं महू ओळखेल. माझी कसोटी अशी : पेशंटच्या जावेने हा लेख वाचला तर ती ओळखेल का? ओळखेल असं वाटलं तर आणखी बदला. गाव, मुलांची संख्या, ऋतू, दवाखान्यात कशाने आले हे सगळं बदलता येतं. आजाराशी बांधलेलं मात्र बदलायचं नाही. सिलिकोसिसच्या माणसाला शिंपी केलंत तर लेख खोटा झाला. अशा वेळी काम तसंच ठेवा आणि बाकी सगळं हलवा, किंवा मी वर केलं तसं अनेकांचा एक करा आणि वाचकाला तसं सांगा.

ओळख राहणारच असेल तर परवानगी घ्या, पण ओपीडीतल्या खुर्चीवर नव्हे. उपचार चालू असताना पेशंट डॉक्टरला नाही म्हणत नाही, म्हणून ते 'हो' धरायचं नाही. उपचार संपू द्या, लिहिलेलं त्याच्या भाषेत वाचून दाखवा, आणि विचार करायला वेळ द्या. नको म्हणाला तर वही बंद.

वेळ

आपल्याकडे सकाळची ओपीडी दोनला संपते आणि संध्याकाळची सहाला सुरू होते. मी संध्याकाळी लवकर पोचते आणि पेशंट यायच्या आत चाळीस-पन्नास मिनिटं लिहिते. फोन काउंटरवर. घरी लिहिणं जमत नाही. तिथे कुकर, पाहुणे, दारावरची बेल. रविवारची वाट बघू नका, त्याला सीएमई (डॉक्टरांचे अभ्यासवर्ग) आणि लग्नं खातात. नाइट ड्यूटी करणाऱ्या रेसिडेंट मुलांना मात्र माझं सांगणं वेगळं आहे : झोप मारून लिहू नका. त्या वर्षांत फक्त वहीत ओळी साठवा.

आवाजावरून टाइप करण्याची सोय फोनमध्ये आहे, पहिल्या खर्ड्याला बरी. पण औषधांची नावं आणि डोस ती हमखास चुकवते, ते हाताने तपासा. छापायला देताना डोस मुळात काढूनच टाकावा. कोणीतरी कात्रण घेऊन मेडिकलवर जातं.

पाठवायचं आणि नंतरचं

दिवाळी अंकासाठी लिहायचं तर पावसाळा सुरू व्हायच्या आत संपादकाला चार ओळींचं पत्र टाका, विषय आणि शब्दसंख्या सांगा. लेख युनिकोडमध्ये पाठवा. मथळा संपादक बदलतील, तो छापण्याआधी बघायला मागा, कारण संयत लेखावर "मृत्यूच्या दाढेतून परत" असा मथळा बसू शकतो आणि त्यात तुमच्या पेशंटचं सगळं जाईल.

लेख छापून आला की फोन येतात. "मलाही असंच होतंय, काय घेऊ?" फोनवर औषध सांगायचं नाही, कितीही गयावया केली तरी. मी एक ठरलेलं उत्तर लिहून ठेवलंय आणि रिसेप्शनवरच्या मुलीलाही पाठ करायला लावलंय : जवळच्या डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवा, जाताना जुने एक्स-रे न्या आणि आयुष्यात काय काय कामं केलीत ते आपणहून सांगा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६. हा नंबर आता लेखाच्या शेवटीच चौकटीत छापायला सांगते.